बाजूला बोललेलं

“ही मुलगी काही कामाची नाही. हिचं एकदाचं उरकू द्या, म्हणजे आपल्याला जेवायला जाता येईल.”

वाक्य असं सरळ, स्वच्छ उतरलं, की बाईंच्या हातातली पेन्सिल टेबलावर आपटायची राहूनच गेली. सकाळपासून त्या पेन्सिलीला उसंत नव्हती. काळ चुकला की ठक, कर्ता हरवला की ठक, वाक्य अर्ध्यात सोडलं की ठकठक. मुलं त्यांना मागे ‘पेन्सिलबाई’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. समोरच्या खुर्चीतल्या मुलीनं तर आज नुसती ठकठकच ऐकली होती. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून बोट पांढरं पडलेलं, आणि मंत्र्याच्या भाषणातलं वाक्य कुठून धरावं ते काही केल्या कळत नव्हतं. शेपूट हाती लागलं की डोकं निसटायचं. त्याच मुलीनं आता हे वाक्य म्हटलं होतं. एका दमात, डोळे मिटून, शांत चेहऱ्यानं. सकाळपासून एकाही मुलाचं इतकं चांगलं वाक्य उतरलं नव्हतं. फक्त ते मंत्र्याच्या भाषणातलं नव्हतं.

ते शेजारी बसलेल्या सरांचं होतं. राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला इंग्रजीची एक परीक्षा असे. आधी व्याकरणाचा लेखी पेपर, मग हे तोंडी भाषांतर. राज्यशास्त्राचे सर इंग्रजी भाषण वाचायचे, एकेक वाक्य झालं की थांबायचे, आणि समोरच्यानं ते तिथल्या तिथे आपल्या भाषेत सांगायचं. उद्या ही पोरं सभागृहात, कचेऱ्यांत, परक्या शिष्टमंडळांपुढे उभी राहणार, तिथे शब्दकोश काढून बसायला वेळ कोण देतो? म्हणून ही परीक्षा. सर माणूस वाईट नव्हते, पण भुकेला अतिशय कच्चे. जेवणाची वेळ टळून गेली होती, पोरगी अडखळत होती, तेव्हा तिचं एक वाक्य कसंबसं संपल्यावर कागदावरची नजरही न उचलता ते बाईंकडे किंचित कलले आणि त्याच आवाजात, त्याच इंग्रजीत, मनातलं बोलून मोकळे झाले. डोळे उघडे असते तर मुलीला ते कललेले दिसले असते. पण डोळे मिटून ऐकायचं, हे तिला शिकवलं कुणी? बाईंनीच. “डोळे मिटा, कान उघडा. ऐकलं की बोललं. मध्ये स्वतःला घालू नका. तुमचं मत कुणी विचारलेलं नाही.” वर्षानुवर्षं, नव्या वर्गाच्या पहिल्याच तासाला बाई हे फळ्यासमोर उभं राहून सांगत, आणि पोरं वहीत उतरवून घेत.

सर आधी दचकले आणि मग खो खो हसत सुटले. “अरे वा! हे मात्र झकास जमलं हं!” पुढचं वाक्य आलं नाही, पेन्सिलही वाजली नाही, म्हणून मुलीनं डोळे उघडले. सर हसताहेत हे पाहून तीही हसली. बरोबर आलं असणार, असंच वाटलं तिला. ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं आणि त्याच्या आतून हळूहळू दुसरंच काही वर आलं. आपण काय बोललो ते तिच्या स्वतःच्या कानांपर्यंत आता पोचत होतं. बाई ते पोचताना बघत राहिल्या. नजर काढून घ्यावी एवढंही त्यांना सुचलं नाही. हे आपल्याला माहीत आहे, असं त्यांना वाटलं, आणि पाठोपाठ, नको, आत्ता नको, असंही वाटलं. पण नको म्हणून थांबलंय कोण. खोलीतली ट्यूबलाइट, खिडकीच्या गजांवर वाळत टाकलेलं फडकं, सरांचा उघडा चष्म्याचा डबा, सगळं जागच्या जागी होतं, आणि त्याच वेळी बाई दुसऱ्याच एका खोलीत बसल्या होत्या. त्या खोलीत त्या ‘बाई’ नव्हत्या. आप्पांची धाकटी होती ती, नुकतीच नोकरीला लागलेली, कोऱ्या पर्सवरून सारखा हात फिरवणारी.

आप्पा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. दुकान दुसऱ्याचं, मागची अंधारी खोली आणि घासायचं यंत्र तेवढं आप्पांचं. इंग्रजी त्यांना यायचं ते भिंतीवरच्या तक्त्यापुरतं, वरचं मोठं अक्षर, खालची बारीक अक्षरं. पण धाकटीच्या इंग्रजीचा त्यांना कोण अभिमान! आप्पांचं जुनं दुखणं परत डोकं वर काढतंय असं वाटल्यावर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. डॉक्टर परमुलखातला, आपली भाषा त्याला ओ की ठो कळत नव्हती. आई कावरीबावरी झाली, तर आप्पा म्हणाले, “अगं, घरात एवढी शिकलेली पोर आहे ती काय लोणच्याला ठेवायचीय?” आईला घरी ठेवून दोघं गेले. डॉक्टर बोलायला लागला की आप्पा त्याच्याकडे बघायचे, धाकटी बोलायला लागली की तिच्याकडे, आणि तिचं वाक्य संपलं की डॉक्टरकडे बघून मान हलवायचे, बघा, कशी आहे माझी! रक्ताचं असं आहे, गोळ्या अशा घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचं. ती बोलत होती. नजर खालच्या पायपुसण्याच्या सुटलेल्या कडेवर होती, कारण वर बघितलं की वाक्य विस्कटतं हे तिला तेव्हाही कळत होतं. डॉक्टर तिच्याकडे कलला, त्याची खुर्ची किंचित करकरली. आवाज तोच, संथपणाही तोच. आणि धाकटी त्याच सुरात म्हणाली, “यांना आजच काही सांगू नका. पण ते आता सगळीकडे पसरलंय. ऑपरेशनचा उपयोग नाही. फार फार तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.”

फार सुरेख वाक्यं होती ती. काही सुटलं नव्हतं, काही पदरचं घातलं नव्हतं. डॉक्टरला एक अक्षर कळलं नाही. मुलीनं गोळ्यांचंच काहीतरी समजावलं असं समजून त्यानं समाधानानं मान डोलावली. आप्पा चष्मा पुसत होते. फडकं काचेवर गोल फिरता फिरता थांबलं. ते थांबलेलं फडकं दिसलं तेव्हा धाकटीला कळलं आपण काय केलं ते. आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, दोन्ही काड्या कानांमागे नीट बसवल्या आणि म्हणाले, “बरं. त्यांना म्हणावं, आभारी आहे.” आणि धाकटीनं डॉक्टरला सांगितलं, “ते म्हणताहेत, आभारी आहे.”

यातलं कुठलं जास्त लागतं, असा प्रश्न बाईंनी स्वतःला हजारदा विचारला असेल. ते पहिलं तोंडून निसटलं होतं. भरल्या भांड्यातून पाणी हिंदकळावं तसं. त्याला काय करणार? पण ते दुसरं! बापाला त्याचं मरण सांगून झाल्यावर त्याच्याकडे वळायचं, हात धरायचा, निदान “आप्पा” एवढं तरी म्हणायचं. तर ही बया त्याच्या आभाराचं भाषांतर करत बसली. तिथे तिची स्वतःची म्हणून एक ओळ हवी होती. ती आलीच नाही. दवाखान्याबाहेर, बसच्या थांब्यावर, आप्पांनी फक्त विचारलं, “एवढंच म्हणाले ना? काही गाळलं नाहीस?” धाकटी म्हणाली, “नाही.” “शाबास,” आप्पा म्हणाले, आणि बस आली. बसमध्ये जागा एकच होती. आप्पांनी तिला बसवलं आणि स्वतः दांडी धरून उभे राहिले, घर येईपर्यंत. तिनं उठायला हवं होतं. तेही सुचलं नाही.

घरी आई दारातच उभी होती. काय म्हणाले, काय म्हणाले, असं तिनं विचारायच्या आधीच आप्पा चपला काढता काढता म्हणाले, “अगं, मलाच कळलं त्याचं इंग्रजी! ही बिचारी लपवायला बघत होती, पण मी काय आज ऐकतोय इंग्रजी? जन्म गेला त्या तक्त्यासमोर.” आईनं धाकटीला जवळ ओढलं आणि रडली. मग थोरली आली, काका-काकू आले, शेजारपाजारचे आले, आणि प्रत्येकाला आप्पांनी तेच सांगितलं, त्याच थट्टेच्या सुरात. दर खेपेला त्यात एखादा नवा विनोदही घालायचे. “पोरीनं किती धीरानं घेतलं हो,” बायका म्हणायच्या. काकूनं तर तिच्या पाठीवरून हात फिरवला. धाकटी मान खाली घालून ऐकत राहायची. उरलेल्या दिवसांत माणसानं स्वतःचं दुःख करावं, तर हा माणूस तिची चूक झाकत बसला होता. एकदा, फक्त एकदा, यंत्राच्या खोलीत ती त्यांना चहा द्यायला गेली तेव्हा ते एकटेच होते. तिनं कप ठेवला आणि उभी राहिली. आप्पा वाट बघत होते, हे तिला त्यांच्या पाठीवरून कळलं. यंत्र बंद केलं होतं त्यांनी. “आप्पा,” ती म्हणाली. “काय ग?” “साखर कमी घातलीय,” ती म्हणाली. “बरं केलंस,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं यंत्र परत सुरू झालं.

त्या यंत्रावर ते आईचे चष्मे करत होते. आईचा नंबर दर काही वर्षांनी वाढायचा, तो किती वाढेल याचा अंदाज बांधून त्यांनी पुढच्या पुढच्या नंबरांच्या काचा घासून ठेवल्या, एकाच जातीच्या फ्रेमांत बसवल्या, आणि डब्यांवर चिकटपट्टी लावून ‘पुढचा’, ‘त्याच्या पुढचा’ असं लिहून कपाटात रांगेनं लावले. अंदाज अर्थातच चुकला. डोळे काय कुणाचं ऐकतात? “काडीचं दिसत नाही ह्यातून,” आई आजही म्हणते आणि तोच लावून खिडकीशी बसते. “पण तुझ्या आप्पांनी मरण कळल्यावर केलाय. ते इंग्रजी कळलं म्हणून बरं, नाहीतर बसले असते आज करू उद्या करू करत.” आई असं म्हणाली की बाई दुसऱ्या खोलीत निघून जातात.

एखादी असती तर असल्या अनुभवानंतर तिनं भाषांतर हा धंदाच सोडला असता. बाईंनी तो वाढवला. ऐकलं की बोललं, मध्ये स्वतःला घालायचं नाही, हा नियम त्यांनी आणखी घट्ट केला, अभ्यासक्रमात घातला, त्याला गुण लावले. नियमच बरोबर असेल तर त्या दिवशी दवाखान्यात चूक अशी कुणाचीच झाली नाही, असा काहीतरी हिशेब असावा. असावा कशाला, होताच. तो हिशेबच आज समोरच्या खुर्चीत बसला होता, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून, आणि आपण काय बोललो ते कळून त्याचे कान लाल झाले होते.

“बरं, बरं, पुढे जाऊ,” सर डोळे पुसत म्हणाले. त्यांनाही आता ओशाळल्यासारखं झालं होतं. त्यांनी उगाच घसा साफ केला आणि मंत्र्याचं पुढचं वाक्य वाचलं. मुलगी बोलली. डोळे उघडे ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत, एकेक शब्द मोजून खाली ठेवल्यासारखी. चुका फारशा झाल्या नाहीत. झाल्या तिथेही पेन्सिल वाजली नाही. भाषण संपलं. “या आता,” सर म्हणाले. ती उठली, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, दोघांनाही थँक यू म्हणाली आणि गेली. दारही तिनं हळू लावून घेतलं.

“मेलो असतो हसून!” सर म्हणाले. बाईंनी हसावं म्हणून ते थांबले. त्या हसल्या नाहीत, तसे ते गंभीर झाले. “लेखीत काठावर आहे हो ती. इथे उडवली तर वर्ष जाईल बिचारीचं. टाका पास करून. आणि माझं इंग्रजी समजणारी पहिलीच भेटली, तिला नापास कुठल्या तोंडानं करायचं?” बाईंनी गुण लिहिले. पासपेक्षा बरेच जास्त लिहिले. सरांनी भुवया उंचावल्या, पण सही ठोकली. पास करणं काय, पेन्सिलीचं काम, ते झालं. देणं होतं ते वेगळंच, आणि बाईंना ते लख्ख कळत होतं. इतकी वर्षं जी ओळ अंघोळ करताना, पेपर तपासताना, आईचा चष्मा पुसताना मनात जुळवून ठेवली होती, ती आज कामाची होती. साधी होती. ‘ते खरं नाही,’ एवढीच. आप्पांना ती म्हणता आली नसती, कारण ते खरंच होतं. त्यांना दुसरी हवी होती, ती कधी जुळलीच नाही. पण ह्या पोरीला म्हणता येईल. तिच्याकडे वेळ आहे. “येताय ना? पोटात कावळे ओरडताहेत,” सर म्हणाले. “तुम्ही व्हा पुढे,” बाई म्हणाल्या, आणि पेन्सिल हातातच ठेवून जवळजवळ धावत बाहेर पडल्या.

मुलगी व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी बाटली भरत होती. बाटली भरून वाहायला लागली होती, तिचं लक्ष नव्हतं. “थांब ग,” बाई म्हणाल्या. मुलगी वळली. नळ बंद करायचं तिला तेव्हा सुचलं. बाईंना धाप लागली होती. ओळ तयार होती, अगदी जिभेच्या टोकावर. मुलगी वाट बघत होती. तिच्या उभं राहण्यावरूनच ते कळत होतं, जसं कधीकाळी एका बंद केलेल्या यंत्रावरून कळलं होतं.

“ते मधलं वाक्य,” बाई म्हणाल्या. “तुझं. सरांचं, म्हणजे.”

“हो, मॅडम.”

“बिनचूक होतं ते. आज दिवसभरात इतकं चांगलं कुणाचंच उतरलं नाही.”

मुलगी हसली. समजून घेतल्यासारखं, बाईंना अवघड वाटू नये म्हणून हसली, हे त्या हसण्यात स्पष्ट होतं, आणि बाईंना तिथे जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. “थँक यू, मॅडम,” ती म्हणाली. आणि मग, आता काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, किंवा चांगली विद्यार्थिनी होती म्हणून असेल, तिनं विचारलं, “मी ‘उरकू द्या’ म्हटलं. ‘आटपू द्या’ म्हणायला हवं होतं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “‘उरकू द्या’च बरोबर.”

मुलीनं मान हलवली, बाटलीचं झाकण लावलं आणि जिन्याकडे गेली. बाई तिथेच उभ्या. झालं! पुन्हा तेच! साखर कमी घातलीय! स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं असं त्यांना वाटलं. पेन्सिल मुठीत इतकी दाबली गेली होती की तळहातावर तिचे कंगोरे उमटले होते. अजून जिना उतरायचाय तिला, अजून गेलेली नाही ती, असं म्हणत त्या निघाल्या, आणि त्या मधल्या वळणावर पोचल्या तेव्हा खालून बोलणं ऐकू आलं. खालच्या बाकावर मुलीची आत्या बसली होती. सकाळी दारापर्यंत पोचवायला आलेली तीच, बाईंनी तिला पाहिलं होतं. लठ्ठशी, मोठ्यांदा बोलणारी.

“काय ग, काय म्हणाल्या बाई?” आत्यानं विचारलं.

“छान झालं म्हणाल्या,” मुलीचा आवाज अगदी खुलून आला होता. “एक वाक्य तर म्हणाल्या इतकं सुंदर उतरलं, दिवसभरात कुणाचं नाही.”

“बघ! मी म्हणत नव्हते? उगाच रात्रभर जीव खाल्लास माझा. कुठलं ग वाक्य?”

मुलगी जराशी थांबली. “होतं एक. मंत्र्याच्या भाषणातलं. आता आठवतंय कुठे? काय धांदल उडाली माझी, आत्या, तू बघायला हवी होतीस.” आणि ती हसली. चपला काढता काढता आप्पा ज्या सुरात बोलले होते, तोच सूर.

बाईंचा हात कठड्यावर होता. आत्याची नजर वर गेली. “ह्याच का ग तुझ्या बाई?” असं म्हणत ती अंग सावरून उठलीसुद्धा. “नमस्कार हो. खरंच चांगलं बोलली का आमची पोरगी? नाहीतर माझं मन राखायला सांगेल काहीबाही, तिचा काय नेम.”

मुलीनं वर पाहिलं. आत्याला दिसणार नाही इतपतच तिनं मान हलवली. हिला काही सांगू नका. ती एक ओळ खास बाईंसाठी, बाजूला बोललेली होती, आणि या खेपेला बाईंनी डोळे उघडे ठेवले होते.

“हो,” त्या म्हणाल्या. “फार चांगली बोलते. फार कामाची मुलगी आहे.”

आत्याचा चेहरा फुलला. ती आणखी काही विचारत होती, पुढच्या परीक्षेचं, निकालाचं. बाईंना त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही. त्या मुलीकडे बघत होत्या, तिनं हे ऐकलं का, खरं मानलं का, ते शोधत. पण मुलीला ते आत्यासाठी म्हटलेलं वाटलं असणार. तिनं आभारापुरती मान लववली आणि आत्याची पिशवी उचलून ती दाराकडे चालायला लागली.